पाहुणीला सोबत

तीन राज्यांच्या सीमेवर एक खिंड होती. तिथले मारेकरी एका राज्यातली गावं जाळत आणि दुसऱ्यात दडत. भरदिवसासुद्धा बायका पाणवठ्यावर एकट्या जायला धजत नसत. तिन्ही फौजा एकदम चालून गेल्या, तरच खिंड साफ होणार होती.

दोन राजे तयार झाले आणि तसा करार घेऊन तिसऱ्याच्या दरबारात आले. हा तिसरा म्हणजे गंभीरराव. शेजारी बेजार होतात ते बरंच, म्हणून तो आजवर कानाडोळा करत आलेला. मिशीला पीळ देत म्हणाला, "आमच्या बाजूला मारेकरी नाहीतच! खिंड म्हणजे आमचं अंगण. फौज कशाला?"

दोघे राजे हताश होऊन उठू लागले. तेवढ्यात त्यांच्यासोबत आलेली, जळालेल्या गावाची पाटलीण साळूआक्का पुढे आली.

"बरं झालं, महाराज. मग मी खिंडीतूनच घरी जाते. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत आहे. युवराजांना द्या सोबतीला."

तरणाबांड युवराज हौसेनं उठला. गंभीररावानं झडप घालून त्याचं मनगट धरलं. "खिंडीतून नको!"



"महाराज," आक्का हळूच म्हणाली, "लेक अंगणात निघालाय. मग मनगट का धरलंत?"

 लेकाचं मनगट गंभीररावानं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं करारावर शिक्का उठवला.