कोशेकलीच्या चेपलेल्या टोप्या

कोशेकलीत उतरलेल्या पाहुण्याची नजर पहिल्यांदा डोंगरावर जात नाही, म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर जाते. मेंढीच्या लोकरीची ही तुर्कमेन टोपी, तिला तेल्पेक म्हणतात, म्हणजे त्या माणसाची सारी ऐट. पाटीएवढी मोठी, झुबकेदार आणि ताठ. बाकीच्या मुलखात तिच्यावर माशी बसली तरी मालक अस्वस्थ होतो. कोशेकलीत मात्र म्हाताऱ्यांच्या टोप्या मधोमध चेपलेल्या असतात. चहाच्या दुकानापुढच्या बाकांवर सकाळी आठ-दहा जण बसलेले दिसतात, आणि कुणीतरी टोप्यांवर बसून नुकतंच उठून गेलं असावं असं वाटतं.

शहर तसं लहानच. कोपेतदाग डोंगराच्या पायथ्याशी एक बाजार, एक शाळा, रोटीच्या दोन भट्ट्या आणि एक सिग्नल. तो एकुलता एक, म्हणून समोरून गाडी येत नसली तरी सगळे त्याच्यासाठी थांबतात. सिग्नल संपला की शहर संपतं आणि पिस्त्याच्या झाडांच्या टेकड्या सुरू होतात. गेल्या वैशाखात तिथे आलेल्या प्रवाशांत कोल्हापूरच्या सुलभाताई खराडे होत्या. त्यांना काही राहवलं नाही. "आमच्याकडे फेट्याला कुणी नुसता पाय लावला तरी मारामारी होईल. तुम्ही काय टोप्या उशाला घेऊन झोपता?" त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं.

प्रश्न ओवेझ-आगांना होता. ओवेझ-आगा पासष्टीचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि पाहुण्यांना गाव दाखवणं हे आपलंच काम मानणारे. त्या बाकांवर एकट्या त्यांचीच टोपी ताठ होती. सुलभाताईंनी नकळत जखमेवर मीठ चोळलं होतं. "परवा माझ्या मुलाचं लग्न आहे," त्यांनी आधी सांगून टाकलं, जणू टोपीच्या वतीने खुलासा. मग सगळ्यांना चौकातल्या जुन्या पिस्त्याखाली बसवलं आणि गोष्ट सुरू केली.

फार पूर्वी, असं सांगतात, इथे फक्त हे झाड होतं आणि बाजूचा ओढा. वर डोंगरात उंट पाळणाऱ्यांची वस्ती, खाली माळावर घोडे पाळणाऱ्यांची. घोडेवाले उंटाला जनावरात धरत नसत आणि उंटवाले घोडेवाल्यांना शहाण्यांत धरत नसत. तरी दोन घरांत सोयरीक जमली. माळावरच्या सापर-आगाच्या मुलाला डोंगरातली ओगुलनबात दिली.

ओगुलनबातला आई नव्हती. तिला वाढवलं अनाबिबी आत्याने. त्या काळी नवरीला दोन बंधनं असत. माहेर सोडलं की सासरच्या उंबऱ्यापर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये, आणि तोंडातून शब्द निघता कामा नये. ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि गप्प बसायचं. दोहोंतलं एक जरी मोडलं तरी वरात तिथूनच माघारी. अनाबिबीचं तसंच झालं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या वरातीतला उंट ठेचकाळला, ती "अगं आई" म्हणाली, आणि दुपारच्या जेवणाला माहेरी परत आली. पुढचा सगळा जन्म तिने भावाचे उंट राखण्यात काढला. अडलेली सांडणी सोडवण्यात तिचा हात धरणारं त्या डोंगरात कुणी नव्हतं, आणि ती विद्या तिने भाचीला दिली होती. निरोप देताना तिने पोरीच्या कानात एकच सांगितलं, "आभाळ कोसळलं तरी तोंड उघडू नकोस." आणि मग स्वतःच मोठ्याने रडली.

इकडे सापर-आगाला सून पांढऱ्याशुभ्र उंटावरून आणायची होती. स्वतःकडे उंट नव्हता, म्हणून त्याने पलीकडच्या वस्तीतून एक सांडणी मागून आणली. तिचा मालक म्हणाला, "न्या. पण हळू न्या हं, आणि लवकर परत आणा." यापेक्षा जास्त तो बोलला नाही. सापर-आगाने सांडणीवर एवढे गालिचे, गोंडे आणि घुंगरू चढवले की बाहेर फक्त नाक आणि चार पाय उरले. त्या सगळ्याखाली सांडणीचं पोट केवढं आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सापर-आगाच्या डोळ्यांवर त्या दिवशी ऊन होतं, असं त्याचे वंशज सांगतात. ओवेझ-आगा त्यांच्यापैकीच आहेत.

पाठवणीच्या वेळी ओगुलनबातच्या डोक्यावरून जाड झगा ओढलेला. तिला स्वतःच्या बोटांपलीकडे काही दिसत नव्हतं. तिला उचलून सांडणीच्या पाठीवरच्या पडदे लावलेल्या पेटाऱ्यात, म्हणजे कजाव्यात, बसवलं आणि वरात निघाली. शंभर पावलांतच तिला चालीवरून कळलं. सांडणी मागचे पाय फाकून टाकत होती, मधेच थांबून कण्हत होती. ही गाभण आहे, आणि आज विणार आहे. वरातीत साठ माणसं होती, साठही जन्मभर घोड्यांत वावरलेली, आणि जिला हे कळलं होतं तिच्या दातांत ओढणी होती.

तिने हातातली कडी वाजवली. बायका म्हणाल्या, "पोर रडतेय गं, माहेर आठवलं." त्यांनी गाणी आणखी जोरात म्हटली. तिने पडद्यातून हात काढून खाली सांडणीच्या पोटाकडे दाखवलं. बायकांनी त्या हातावर मेंदी किती छान रंगलीय ते एकमेकींना दाखवलं.

या झाडाशी आल्यावर सांडणी बसली. बसली ती बसलीच.

मग घोडेवाल्यांचं शहाणपण सुरू झालं. नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, दृष्ट लागली. त्याने धुरी दिली. सांडणी शिंकली आणि मामा नखशिखान्त भिजला. दुसऱ्याने भाकरी पुढे केली, ती तिने खाल्ली आणि तरी बसून राहिली. वरातीत दुतार वाजवणारा एक गवई होता. तो म्हणाला, उंटाला गाणं लागतं. त्याने मांडी घालून एक लांबलचक रडगाणं आळवलं. सांडणीने मान वर करून भयंकर हंबरडा फोडला. गवयाला वाटलं दाद मिळाली, म्हणून त्याने दुसरं सुरू केलं. शेवटी सापर-आगाने घोड्याला चुचकारतात तसं तिला चुचकारलं, दोन फेऱ्या मारल्या, तिच्या कानात तिच्या आणि आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगितला. काही उपयोग झाला नाही. साठ माणसांसमोर, तेही मागून आणलेल्या जनावराकडून अपमान! त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

"या टोपीची शपथ," तो गरजला, "ही उठेपर्यंत टोपी डोक्यावर चढणार नाही, आणि मी इथून तसूभर हलणार नाही!"

तो जिथे उभा होता ती जागा नेमकी सांडणीच्या शेपटाजवळची होती. सहा दांडगे गडी त्याने पुढे दोराशी लावले. "ओढा! मी मागून रेटतो."

कजाव्यात ओगुलनबातने डोक्यावरचा झगा वर सारला. पडद्याच्या फटीतून तिला पिल्लाचा एकच पाय दिसला. दुसरा आत दुमडलेला. अशा वेळी सांडणीला ओढून उठवलं तर पिल्लू जाणार, बहुधा आईही. तोंड उघडलं तर ती स्वतः जाणार, आत्यासारखी, चाळीस वर्षांसाठी. तिला आत्याचं ते एक वाक्य आठवलं. आणि त्याच आत्याने रात्रंदिवस शेजारी बसवून दुमडलेला पाय कसा सरळ करायचा ते शिकवलेलंही आठवलं. दोन्ही एकदम पाळणं शक्य नव्हतं. आत्याने हा पेच कधी सांगितलाच नव्हता.

गड्यांनी दोर ताणला. सांडणी अशी ओरडली की गवईसुद्धा थांबला.

पडदा सर्रकन बाजूला झाला. ओगुलनबात गालिच्याच्या गोंड्यांना धरून मागच्या बाजूने उतरली आणि तिचे दोन्ही पाय पडले ते सरळ सापर-आगाच्या टोपीवर. टोपी मधोमध चेपली. तिने दातांतली ओढणी काढली, सासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली,

"बाजूला व्हा!"

सापर-आगाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, त्याच्या आईनेसुद्धा नाही, असं सांगतात. शपथ दोन मिनिटांपूर्वीची, अजून गरम होती. पण तो बाजूला झाला. तिने हातातली चांदीची कडी एकेक करून काढली आणि त्याच्या ओंजळीत दिली. "धरा नीट." त्याने नीट धरली. "दोर सोडा रे!" ती गड्यांवर ओरडली. दोर सुटला. मग ती टोपीवरच गुडघे टेकून बसली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कामाला लागली.

किती वेळ गेला याबद्दल मतभेद आहेत. शेवटी पिल्लू आलं, पांढरं, ओलं, सगळे पायच पाय. ओगुलनबातने लग्नाच्या लाल झग्याने त्याला पुसलं. मग सांडणी आपल्या मनाने, कुणी न सांगता, उठून उभी राहिली आणि पिल्लाला चाटू लागली.

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती टोपीवरच होती. हात रक्ताने भरलेले, दागिने सासऱ्याच्या हातात, ओढणी चिखलात. काय केलं ते तिला आत्ता उमगत होतं. "बोलली," मामा हळूच म्हणाला. "वरात माघारी न्यावी लागणार." तिने मान खाली घातली. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

सापर-आगा विचार करू लागला. एवढा वेळ त्याला विचार करताना कुणी पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, "पाय जमिनीला लागला का?"

"नाही," मामा म्हणाला, "टोपीवर आहे. पण बोलली ना!"

"टोपी कुणाची?"

"तुमची."

"माझी टोपी म्हणजे माझी इज्जत. आणि माझी इज्जत जिथे, तिथे माझं घर. म्हणजे पोर बोलली तेव्हा उंबऱ्यावर उभी होती. स्वतःच्या घरात सुनेने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?"

"पण आगा, घर तर तीन कोस लांब आहे!"

"मग आणा की!"

तुर्कमेनांचं घर त्या काळी लाकडी जाळीचं आणि वरून जाड लोकरी नमदा लपेटलेलं असे, उचलून नेता येणारं. गडी घोड्यांवरून सुटले. घरी सापर-आगाची बायको पुलावाच्या कढईशी बसली होती. तिला कुणी काही सांगितलंच नाही. तिने कढईत झारा घातला आणि वर पाहिलं तर छप्पर नव्हतं. तिने ज्या शिव्या दिल्या त्या ओवेझ-आगांना पाठ आहेत, पण पाहुण्यांपुढे ते म्हणत नाहीत. सूर्य डोंगराला टेकायच्या आत घर इथे उभं राहिलं, अशा बेताने की चेपलेली टोपी बरोबर दारात येईल. टोपीवरून पाऊल उचलून ओगुलनबात आत गेली. पुलाव थोडा करपला होता.

पिल्लू चालायला लागेपर्यंत थांबू म्हणून ती माणसं इथे थांबली, आणि मग उठलीच नाहीत. पिल्लाला त्यांच्या भाषेत कोशेक म्हणतात, म्हणून गावाचं नाव कोशेकली. आठ दिवसांनी सांडणीचा मालक आला. "मी सांगितलं होतं ना, हळू न्या," एवढंच म्हणाला म्हणे, आणि सुनेच्या हातचं जेवून दोन्ही जनावरं तिच्याकडेच ठेवून गेला. त्याच महिन्यात ओगुलनबातने आत्यालाही बोलावून घेतलं. पिल्लाकडे बघायला जाणतं माणूस हवं, असं तिने सासऱ्याला सांगितलं. सापर-आगा तेव्हाही बाजूला झाला. अनाबिबी आली, आणि तिने चाळीस वर्षांचं राहिलेलं सगळं बोलून घेतलं. तिच्या बोलण्याला शेवटपर्यंत खंड नव्हता, असं सांगतात.

"तेव्हापासून," ओवेझ-आगा म्हणाले, "सून दारात आली की सासऱ्याने आपली टोपी तिच्या पायाखाली ठेवायची आणि वाट अडवून उभं राहायचं. तिने म्हणायचं, बाजूला व्हा. मग व्हायचं." बाकावरच्या एका म्हाताऱ्याने आपल्या टोपीवरचे तीन खळगे बोटाने दाखवले. तीन सुना. ओवेझ-आगांनी तिकडे बघायचं टाळलं.

परवाचा दिवस उजाडला. सुलभाताई एक दिवस जास्त राहिल्या. गोंडे लावलेल्या मोटारीतून नवरी आली. ती राजधानीतली, बँकेत काम करणारी, फार लाजाळू. ओवेझ-आगांनी टोपी काढून उंबऱ्यापुढे ठेवली आणि केस विस्कटलेल्या डोक्याने दार अडवून उभे राहिले. मुलगी टोपीवर चढली. ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," ओवेझ-आगा म्हणाले.

तिने पुन्हा म्हटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "मोठ्याने!" म्हणालं. मुलीने डोळे मिटले, श्वास घेतला आणि अशी ओरडली की पिस्त्यावरची पाखरं उडाली.

"बाजूला व्हा!"

ओवेझ-आगा झाले. डोळे पुसत झाले. मग खाली वाकून त्यांनी टोपी उचलली. बायको सवयीने हात आत घालून खळगा वर काढायला पुढे आली. त्यांनी टोपी घाईघाईने पाठीमागे लपवली.

आजही कोशेकलीत कुणी म्हातारा टोपी झटकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानापुढे ओवेझ-आगा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, ऊन बरोबर टोपीच्या खळग्यात पडेल अशा बाकावर.