पैलवानाची पाठ

“आन् तळव्याला काशाची वाटी घासलीस?”

“घासली, वस्ताद. तूप लावून घासली. तळवं काळं पडलं, पर डोळ्याला डोळा लागंना.”

“जायफळ?”

“दुधातनं घेतलं. तोंड कडू झालं तेवढंच.”

गुलाब मुल्लाणी वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत पिळायची लिंबं चिरत होते. वय सत्तरीपार. अंगावर हाडं आणि मिशा एवढंच उरलेलं.

समोर सर्जेराव येडगे उभा होता, दार अडवून. नऊ वर्षांत त्याला कुणी हरवलं नव्हतं. त्याच्याशी जोड लागली की समोरच्याला आदल्या दिवशीच ताप भरायचा. आणि हा एवढा गडी पंधरा दिवस एका झोपेपुढं रडकुंडीला आला होता.

आठ दिवसांवर जत्रा होती. तिथं त्याची कुस्ती हणमंत पुजारीशी ठरली होती. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या गावादेखत त्याला चीत करणारा तो हाच हणमंता.

आज सकाळी तर सरावात भैरूसारखा काल मिसरूड फुटलेला पोरगा त्याच्या पकडीतून निसटला. सर्जेरावचे हात थरथरत होते.

“रात्री करतोस तरी काय?” वस्तादांनी विचारलं.

“झोपंला दमवतो. पाचशे बैठका मारतो. मग पडतो, डोळं गच्च मिटतो. आज सोडत न्हाई म्हणतो तिला.”

“मग?”

“सुटती.”

वस्तादांनी आणखी एक लिंबू चिरलं.

“पडतोस कसा?”

“पालथा.”

“कवा उताणा?”

वस्तादांनी लंगोट गहाण टाकायला सांगावं, तसं सर्जेरावनं त्यांच्याकडं पाहिलं.

“उताणा? पैलवान हाय मी, वस्ताद! हणमंतानं पाठ लावली त्याच दिवशी आण घेतली. ही पाठ परत भुईला लागायची न्हाई. अंथरुणात सुदीक न्हाई!”

“आन् डोळा लागल्यावर?”

सर्जेरावनं मान खाली घातली.

“आधी काय वाटत न्हवतं. पर ही जोड ठरल्यापासनं... जरा डोळा लागला की अंग सैल पडतं. वळतं. पाठ टेकती... आन् दचकून उठतो. हणमंता छातीवर बसलाय, असं वाटतं.”

...

वस्तादांनी विळी बाजूला सारली. उठले. सदरा काढून खुंटीला अडकवला. आणि त्या काटकुळ्या मांडीवर असा काही शड्डू ठोकला, की जोर मारणारी पोरं अर्ध्यातच थांबली.

“उतर हौद्यात! आज माझ्याशी कुस्ती!”

एकच गलका झाला. बदाम वाटणाऱ्यानं बत्ता टाकला आणि धावला. खिडकीत डोकी दिसायला लागली. “म्हातारा उतरला रं! वस्ताद उतरलं!”

सर्जेराव हौद्यात उतरला. कुस्तीआधी वस्तादांच्या पायाला हात लावायचा, हा रिवाज. ज्या पायांना हात लावायचा, तेच ओढायचे कसे?

तो वाकला. वस्तादांनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला.

“आता पाठ टेक.”

...

“वस्ताद, दुसरं काय बी सांगा. हजार जोर सांगा. डोंगर चढाय सांगा.”

“पाठ टेक.”

साऱ्या तालमीचे डोळे त्याच्यावर. त्याचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण वस्तादांचा शब्द मोडायची छाती त्याच्यात नव्हती. तो बसला. कोपरांवर रेलला. मग एक एक मणका मोजत असल्यासारखा खाली गेला.

पाठ लागली.

“कुस्ती निकाली!” वस्ताद ओरडले आणि स्वतःच स्वतःचा हात वर केला. पोरांनी शिट्ट्यांनी तालीम डोक्यावर घेतली. भैरू तर हसून हसून खांबाला टेकला.

मेहनतीनंतर दमलेल्याच्या अंगावर माती लोटायची, ही तालमीची जुनी रीत. सर्जेराव तेवढा नऊ वर्षं भिंतीला टेकून बसून राहायचा. वस्तादांनी आता खोरं घेतलं. पायांवर माती ओढली, पोटावर ओढली, छातीवर ओढली. माती गार होती. तिला लिंबाचा आणि ताकाचा वास होता.

सर्जेराव वाट बघत राहिला. आता हणमंता येईल, छातीवर बसेल...

कुणीच आलं नाही.

वर तालमीचं आढं होतं. त्याच्या बेचक्यात चिमणीनं घरटं केलं होतं. इतकी वर्षं तो इथं घाम गाळत होता आणि हे घरटं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एक चिमणी आत गेली. बाहेर आली. पुन्हा आत...

ती परत कधी बाहेर आली, ते त्याला कळलं नाही. पोरांना मात्र त्याचं घोरणं ऐकू आलं आणि वस्तादांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना बाहेर हाकललं.

जागा झाला तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तो ताडकन उठला. हात पुढं धरून पाहिले. थरथर नव्हती! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यानं शड्डू ठोकला, आणखी एक ठोकला, आणि मातीनं भरलेला तसाच उंबऱ्याकडं धावला.

“वस्ताद! झोपलो! कुत्र्यासारखा न्हाई, राजावानी झोपलो! आता येऊ दे हणमंताला! सांगा वस्ताद, जिकतो का न्हाई मी जत्रंत?”

वस्ताद हौद्याकडं पाहत होते. मातीत सर्जेरावच्या पाठीचा ठसा उमटला होता, दोन्ही खांद्यांसकट. त्यांनी खोरं उचललं आणि तो ठसा हळूहळू सारखा केला.

“ते जत्रंत कळंल,” ते म्हणाले. “तू उद्या परत हरायला ये.”