मुकी सभा आणि केसर नावाडीण

एका राज्यात राजाच्या सिंहासनासमोर साठ आसनांची सभा भरत असे. प्रधानाने राज्य चालवावे आणि सभेने विचारले की जाब द्यावा, असा तिथला नेम होता. पण प्रधान मंत्रगुप्त जादूगार होता. त्याने सभासदांना मोरपिसांच्या गाद्या देऊ केल्या आणि बदल्यात त्यांचे आवाज मागितले. एकोणसाठ जणांनी ते हसत हसत दिले. त्या आवाजांच्या साळुंक्या झाल्या. त्या सोन्याच्या पिंजऱ्यात बसत आणि प्रधान काहीही बोलला की ओरडत, "योग्य! योग्य!"

साठावे आसन नदीकाठच्या रयतेचे. त्यावर केसर नावाडीण निवडून आली, आणि ती गादी नाकारून लाकडी पाटावरच बसली.

त्या साली एका भर दुपारी, दवंडी न पिटता, धरणाचे दरवाजे उघडले गेले होते. त्रेसष्ट माणसे वाहून गेली. केसरची थोरली बहीण भिवरा त्यांतच होती. तिचे प्रेत केसरने स्वतःच्या हाताने पाण्यातून नावेत ओढून घेतले होते.

केसर सभेत उभी राहिली. "प्रधानजी, दरवाजे कोणाच्या हुकमाने उघडले?"

"प्रश्न विचारायचा तर आधी तीन वस्तू आण," प्रधान म्हणाला. "धरणातल्या मगरीचा दात, वाऱ्याने वळलेला दोर आणि मुक्या डोंगराची साक्ष."

"योग्य! योग्य!" साळुंक्या ओरडल्या. सिंहासनावर महाराज धैर्यसेन पानाचा विडा चघळत राहिले.

केसर धरणात उतरली. मगर म्हणाली, "माझी पिल्लेही त्याच लोंढ्यात गेली," आणि तिने दात उपटून दिला. मग केसर कड्यावर सात दिवस ताग धरून उभी राहिली. वाऱ्याने दोर वळला. तिचे तळहात सोलून निघाले.

शेवटी ती मुक्या डोंगरासमोर गेली आणि संतापाने ओरडली, "तू सगळे पाहिलेस! तूही गप्प बसणार?"

युगानुयुगे न बोललेला डोंगर बोलला. "त्या दुपारच्या हुकमाचा आवाज माझ्या कपारीतल्या दगडात अडकला आहे. हा दगड घे. पण एकट्याने विचारले तर तो बोलणार नाही. तोच प्रश्न दुसऱ्यानेही विचारला पाहिजे."

केसरने तिन्ही वस्तू सभेत मांडल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. प्रधानाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "आज वेळ संपली."

"योग्य! योग्य!"

केसरने प्रधानाकडे पाठ फिरवली.

"तुम्हाला विचारते मी!" ती सभासदांवर कडाडली. "त्रेसष्ट मढी उचलली आम्ही. लोकांनी तुम्हाला इथे पिसे कुरवाळायला पाठवले? त्याने आवाज चोरला असता तर तुमची कीव आली असती. तुम्ही तो दिलात! लाज वाटत नाही?"

मग पांढऱ्या मिशांचे रायाजी सभासद गादीवरून उतरले आणि थंड फरशीवर उभे राहिले. पिंजऱ्याची एक तार तुटली. एक साळुंकी उडाली आणि त्यांच्या ओठांशी येऊन विरली.

"हुकूम... कोणाचा होता?" रायाजींनी घोगऱ्या आवाजात विचारले.

दगड प्रधानाच्याच आवाजात बोलला, "उघडा दरवाजे! धरणाच्या पाण्याने माझ्या जलमहालाच्या पायऱ्या भिजताहेत. दवंडी नको, उगाच बोभाटा होईल."

एकामागून एक अठ्ठावन्न जण खाली उतरले. पिंजरा फुटला. "जाब द्या!" सभा गरजली. मंत्रगुप्ताने मंत्र म्हटला, पण त्याच्या तोंडून शब्द आले ते खरेच: "हुकूम माझा होता." शिपायांनी त्याची प्रधानकीची वस्त्रे उतरवली आणि त्याला त्रेसष्ट घरांपुढे न्यायाला उभे केले.

महाराजांनी सुटकेचा श्वास सोडला. "बाई, तुझे काम झाले. बस आता."

केसर बसली नाही.

"महाराज," ती म्हणाली, "हे सारे चालले होते तेव्हा आपण इथेच होतात. आपण का विचारले नाही?"

साठही सभासद उभे होते. महाराजांनी विडा थुंकला, मुकुट काढून बाजूला ठेवला आणि उभे राहून उत्तर द्यायला सुरुवात केली.