निर्माल्यातली सुई

“मग सुई गेली कुठं?” निरंजनबुवांनी विचारलं.

त्यांचा शिष्य पद्माकर गडबडला. मठाच्या दारात गाडी उभी होती, सामान चढलं होतं. बुवांना सकाळचं इन्शुलिन त्यानंच टोचलं होतं. ही सेवा तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे, आणि तसं चारचौघांत सांगायलाही विसरत नसे.

“वापरलेल्या सुयांची बरणी प्रवासाच्या पिशवीत तळाशी गेली होती, बुवा. म्हणून... निर्माल्यात ठेवली.”

“निर्माल्यात?”

“तुमच्या अंगाला लागलेली सुई! ती केरात कशी टाकू?”

बुवा लगबगीनं मागच्या अंगणात गेले. पद्माकर मागोमाग.

मठात राबणारी भागाक्का निर्माल्याची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. देवावरची शिळी फुलं ती रोज हातानं कुस्करून वाफ्यांना घालायची.

“अक्का, हात आवर!”

तिचा हात पाटीवरच थांबला. “का वो? आत साप हाय का काय?”

पद्माकरनं तो हात पाहिला. मठात आल्यापासून तो त्याच हातची भाकरी खात होता. त्यानं धावत जाऊन स्वतःच पाटीत हात घातला.

“मला टोचू दे बुवा, चूक माझी आहे!”

बुवांनी त्याचं मनगट धरून बाहेर ओढलं.

“अजून तुझंच चाललंय का? चिमटा आण, आणि पिशवीतली ती बरणीही.”

पाटी फरशीवर पालथी झाली. बुवा चिमट्यानं एकेक फूल, एकेक बेलाचं पान बाजूला करू लागले. गाडीवाला भोंगा वाजवून वाजवून कंटाळला. अखेर झेंडूच्या पाकळ्यांत सुई चमकली. बुवांनी ती जाड प्लॅस्टिकच्या बरणीत सोडली, झाकण घट्ट फिरवलं आणि बरणीला हात जोडले.

“ह्या सुईमुळं आजचा दिवस मिळाला,” ते म्हणाले. “बरणी भरली की दवाखान्यात द्यायची. आणि प्रवासात हाताशी ठेव, तळाशी नको.”

पद्माकरनं खाली मान घालून हो म्हटलं.

“एवढ्याशा सुईपायी गाडी खोळंबवली व्हय!” भागाक्का हसली आणि पुन्हा कामाला लागली. फुलं ओंजळीत घेतली, कुस्करली. हातांना ओरखडासुद्धा नव्हता. ते पाहून पद्माकरला भरून आलं. देवाचे किती उपकार मानावेत, त्याला कळेना.

बुवा पायरीवर टेकले होते...

“निघायचं ना, बुवा?” डोळे पुसत त्यानं विचारलं. “तिकडं लोक तुमच्या दर्शनासाठी थांबलेत.”

बुवांची नजर भागाक्काच्या हातांवरून हलली नाही.

“थांबू देत. माझं दर्शन चाललंय.”