जोडताऱ्यांचा आग्रह

आकाशात मोजकेच दिवे लागले होते तेव्हाची गोष्ट. पिंगट नावाचा थोराड तारा आणि त्याची लहानखुरी बायको शुभा एकमेकांना अगदी खेटून फिरत.

थोराड तारे लवकर म्हातारे होतात. पिंगट फुगला आणि स्वतःचं तेज शुभाच्या पानात वाढू लागला. "घे गं, लाजतेस काय?" त्यांच्यात नको म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. शुभा खातच राहिली. शेवटी पिंगटचा एवढासा पांढरा गोळा उरला.

वजन वाढलं तशी शुभाही भराभर म्हातारी झाली, फुगली. आता वाढायची पाळी तिची. "किती वाळलात! माझ्यासाठी अजून एक घास."

शेजारची रोहू आत्या म्हणाली, "अगं, पांढऱ्या गोळ्याला ठरावीकच भार पेलतो. जास्त झाला की तो फुटतो."

"ते कुठे नको म्हणतात, आत्या?"

पिंगटला केव्हाचं नको झालं होतं. पण बायकोचं मन कसं मोडायचं? त्याने हसून तोंड उघडलं.

सारं आकाश लखलखलं. पिंगट उरला नाही. शुभा धक्क्याने दूर फेकली गेली.

"भूक आहे का, एवढं तरी विचारायचंस," आत्या हळूच म्हणाली.

"वाढताना असं कुणी विचारतं का, आत्या?" म्हणत शुभा एकटीच पुढे गेली.