पाटलावर रुसलेलं पीठ

ही गोष्ट मी तुमच्या मामाला सांगितली, मामीला सांगितली, शेजारच्या गोडबोलेबाईंनाही सांगितली. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ. पीठ कधी माणसाचं ऐकतं का, म्हणे. नका ठेवू. तुम्ही सरका इकडे, पांघरूण घ्या आणि मध्ये बोलू नका.

तर जर्मनी देशात होतं एक चिमुकलं गाव. मूठभर घरं आणि साऱ्या गावात मिळून पावाची एकच भट्टी. तिची किल्ली ओटिलिया म्हातारीच्या कमरेला. म्हातारीला ना मूल ना बाळ. ती भट्टी हाच तिचा संसार, बरं का. रोज पीठ मळून झालं की ती परातीवर वाकायची आणि गावच्या रांगड्या बोलीत त्याला दटावायची. की पीठ टम्म फुगायचं! ती बोली शहरातल्या जर्मन माणसाला निम्मी कळायची नाही. पिठाला मात्र तीच कळायची.

आता ह्या गावची बरीच माणसं फार पूर्वी दुष्काळात जहाजात बसून ब्राझीलला गेलेली. एकदा काय झालं, तिकडून त्यांच्या नातवंडांचा निरोप आला, आम्ही जत्रेला येतो. मग काय विचारता! घरं रंगवली, अंगणं घासली, कोंबड्यासुद्धा धुतल्या. आणि गावचा पाटील होता वेंडेलिन, त्यानं हुकूम काढला. पाहुणे आपली बोली ऐकून हसतील, तेव्हा आजपासून सगळ्यांनी शहरी, शुद्ध बोलायचं. पिठाशीसुद्धा.

ओटिलियानं परोपरीनं सांगितलं, असं करू नका. ऐकतो कोण?

मग पहिल्या दिवशी ती परातीवर वाकली आणि म्हणाली, "कृपया आपण फुगावे."

पीठ हललं नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातून पांढऱ्या टोपीचा आचारी आणला. त्यानं पिठाला साखर चारली, गोधडी पांघरली, गोड शब्दांत विनवलं. पीठ आणखीच खाली बसलं.

तिसऱ्या दिवशी, ऐन जत्रेच्या सकाळी, पाटील स्वतः कोट घालून आला. पिठापुढे हे एवढं लांब भाषण केलं. तर पीठ सरकत सरकत कडेला गेलं आणि पाटलाकडे पाठ करून बसलं! पिठाला पाठ कुठे असते, ते मला विचारू नका. होती.

मग पाटील असा खवळला! म्हणाला, हे सगळं ह्या म्हातारीचं कारस्थान. किल्ली ठेव आणि चालती हो. ओटिलिया कमरेची किल्ली सोडायला लागली. गाठ काही सुटेना.

एवढ्यात पाहुणे दारात! पुढे लिओपोल्डिना नावाची धिप्पाड म्हातारी. ब्राझीलमध्ये जन्मलेली, मळ्यात राबलेली. पाटलानं शुद्ध भाषेत स्वागत केलं. तिला अक्षर कळलं नाही.

"ह्यो काय बडबडतोय?" ती म्हणाली. "आमी समिंदर वलांडून आलो ते आमच्या आज्जीची बोली ऐकाया. आन तुमी मुक्यावानी हुबे?"

अगदी गावचीच बोली, बरं का! सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पण ओटिलियाला राहवलं नाही.

"बये," ती म्हणाली, "पीठ रुसलंय."

"रुसतंय कसं!" लिओपोल्डिनानं बाह्या सारल्या आणि परातीवर ओरडली, "ए सटवे, किती लोळशील? पोरं उपाशी हायती!"

मग? मग पीठ फुगलं. परातीतून वर आलं, काठावरून सांडलं, दारातून बाहेर पडलं. पाटलाच्या बुटांवर, गुडघ्यांवर, कोटाच्या खिशांत! सारा गाव हसला, आणि हसता हसता जो तो आपल्या बोलीत बोलायला लागला. कुणी कुणाला आवरेना. भट्टी पेटली. पाव इतके झाले की पाहुण्यांनी जहाजात भरून नेले. आणि लिओपोल्डिनानं ओटिलियाच्या कमरेला किल्लीची गाठ आणखी घट्ट मारली.

सगळे पोटभर जेवले, सुखानं राहिले. मिटा डोळे. आजही त्या गावात एखादा पाव बसका झाला, तर कुणी म्हातारीला बोल लावत नाही, भट्टीला नाही, पिठाला तर नाहीच. दोष कुणाचा म्हणून विचारलं, तर पाळण्यातलं पोरही सांगतं. मी दिवा घालवते, तुम्ही हळूच म्हणा आणि झोपा: वेंडेलिन.