दोघांनी कोरी ठरवलेली डिस्क

टीव्हीला मागे पोट असायचं, त्या काळातली गोष्ट. मिरजेत सुलभाताई तगारे यांच्या घरी टीव्हीखाली एक रेकॉर्डर होता आणि आतल्या खोलीत संगणक. दोघांत मिळून एकच डिस्क होती, पुसून पुन्हा लिहिता येणारी. रेकॉर्डरने तिच्यावर ताईंच्या वडिलांची मुलाखत उतरवली होती, केबलवर एकदाच लागलेली. वडील सतारी बनवायचे. आता ते नव्हते.

ताईंना भावासाठी तिची प्रत हवी होती, म्हणून डिस्क संगणकाकडे निघाली. निघताना ती रेकॉर्डरला म्हणाली, "माझ्यावरचं लिखाण आधी नीट बंद करून द्या, म्हणजे दुसऱ्यालाही वाचता येईल. चार मिनिटांचं काम आहे."

"माझं लिहिलेलं मला वाचता येतं," रेकॉर्डर म्हणाला. "त्याला येत नसेल तर त्याने शिकावं."

संगणकाने डिस्क फिरवून पाहिली. त्याला एक अक्षर लागलं नाही.

"माझ्यावर चाळीस मिनिटांची मुलाखत आहे," डिस्क म्हणाली.

"मला दिसत नाही, म्हणजे नाही," संगणक म्हणाला. त्याने पडद्यावर लिहिलं, 'डिस्क कोरी आहे. तयार करू का?' तयार करायचं म्हणजे आधी सगळं पुसायचं, हे त्याने लिहिलं नाही. कोऱ्या डिस्कवर पुसण्यासारखं काय असणार?

"कोरी कशी असेल?" ताई म्हणाल्या. "बरं, कर बाबा तयार, मग तरी दिसेल." त्यांनी 'होय' दाबलं.

मग त्यांनी डिस्क पुन्हा रेकॉर्डरमध्ये घातली. त्याने फिरवून पाहिली आणि टीव्हीवर लिहिलं, 'डिस्क कोरी आहे. तयार करू का?'

त्या घरात दोघांचं एकमत झालं ते त्या दिवशी. आणि या वेळी ते खरं होतं.